तांब्याचे तिसरे पारडे

एका राज्यात सिंहासन होते एक आणि त्यावर आळीपाळीने बसणारी घराणी होती दोन. नदीच्या उजव्या तीरावर गरुड घराणे, डाव्या तीरावर मगर घराणे. गरुडराजे गादीवर आले की डोंगरावर किल्ला बांधीत. मगरराजे गादीवर आले की तोच किल्ला पाडून त्याच दगडांचा नदीकाठी कोट बांधीत. पुन्हा गरुडराजे येत, कोट पाडीत, दगड पुन्हा डोंगरावर. वाहायचे मात्र प्रजेने. दोनशे वर्षे हा खेळ चालला होता. त्या राज्यात माणसे जन्मतःच उतरत्या खांद्यांची निपजत असे सांगतात. मी पाहायला गेलो नाही, पण मला ते खरे वाटते.

राजा कोण हे तराजू ठरवी. राजवाड्यापुढच्या चौकात, अकरा पायऱ्यांच्या ओट्यावर, शापित सोन्याचा एक प्रचंड तराजू होता. त्याभोवती पडदा. दर सात वर्षांनी तोलदिन येई. त्या दिवशी प्रत्येक जाणत्या माणसाने आपल्या उंबऱ्याजवळचा एक खडा उचलायचा, पडद्याआड जायचे आणि तो गरुडाच्या नाहीतर मगरीच्या पारड्यात ठेवायचा. सूर्य मावळताना पडदा गळून पडे. ज्याचे पारडे खाली, त्याची सात वर्षे. मग ज्याने त्याने, दुसऱ्याच्या हाताकडे न पाहता, आपला खडा ओळखून घरी न्यायचा. सूर्य मावळेपर्यंत मन बदलले तर खडा उचलून दुसरीकडे टाकण्याचीही मुभा होती. रीत एकच कडक होती. आपला खडा कुठे पडला हे तोंडाने कोणाला सांगायचे नाही. नवऱ्याने बायकोला नाही, मायने लेकीला नाही. सांगेल त्याची जीभ झडेल, असे मुलांना पाळण्यातच शिकवीत.

आता तुम्ही विचाराल, तिसऱ्या कोणाला उभे राहायची बंदी होती काय? छे! मुळीच नव्हती. हे तर दोन्ही घराण्यांचे भाट मोठ्या अभिमानाने सांगत. चौकातल्या कोनाड्यात तांब्याचे तिसरे पारडे घासूनपुसून ठेवलेले असे. कोणीही मागावे, दांडीच्या मधोमध टांगावे. मात्र त्यात पडलेला खडा सूर्य मावळण्याच्या घटकेला आपोआप उडे, आणि टाकणारा ज्या घराण्याला अधिक भीत असे त्याच्याच पारड्यात जाऊन पडे. आणि ज्याच्या नावाने पारडे टांगले, तो पायांकडून दगड होऊ लागे. दुसऱ्या तोलदिनी दगड डोळ्यांवर चढला की संपले. मग त्याला कोणी सोडवू शकत नसे.

उदाजी पाथरवटाने ते पारडे मागितले होते. किल्लाही नको, कोटही नको, या दगडांचे नदीवर पूल बांधू, एवढेच त्याचे म्हणणे. लोकांना ते पटले होते. बाजारात त्याला पाहून लोक हसत, मान डोलावीत. तोलदिनी मात्र तांब्याच्या पारड्यात तीनशेच खडे पडले आणि सांजेला तेही उडाले. मगरीला भिणाऱ्यांचे मगरीकडे गेले, गरुडाला भिणाऱ्यांचे गरुडाकडे. मगरराजे वीस खड्यांनी जिंकले. त्याबरोबर उजव्या तीरावर एकच ओरड झाली, "उदाजीने मगर आणली!" उदाजी ओट्याच्या पायथ्याशी उभा होता. त्याची पावले तिथेच दगडाची झाली. जन्मभर दगड घडवणाऱ्याच्या वाट्याला हे यावे, याचा मला आजही राग येतो.

त्याची मुलगी शेवंता रोज चौकात जाई, बापाच्या चेहऱ्यावरची धूळ पुसे, घोटभर पाणी पाजी. पहिल्या वर्षी दगड गुडघ्यापर्यंत होता. सातव्या वर्षी हनुवटी गेली, मग ओठ गेले. पाणी पाजणेही संपले. उरले नाक आणि दोन डोळे. तोलदिनाला तेरा दिवस राहिले, तेव्हा शेवंता बापापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी शाप सोडवायला जाते. डोळे मिटू नका." उदाजीने पापण्या एकदा हलवल्या.

ती किल्ल्याच्या पाडलेल्या तटाखालच्या माळावर आली. तिथे एक टिटवी होती. वेठीला दगड उचलताना शेवंताने तिच्या अंड्यांभोवतीचे दगड तेवढे सोडले होते आणि त्यापायी मुकादमाचे तीन फटके खाल्ले होते. टिटवी माणसासारखी बोलत असे.

"पोरी, तू माझी अंडी राखलीस. मी रोज आभाळ पायांवर पेलते, त्यामुळे मला वेळ कमी आहे. काय हवे ते चटकन माग."

"तराजूला शाप देणारा मांत्रिक कुठे राहतो ते दाखव."

"शिलाक्ष? सात ओढ्यांपलीकडच्या घळीत. चल. पण परत यायची खात्री मी देत नाही."

दोन दिवस टिटवी पुढे आणि शेवंता मागे. सातव्या ओढ्यापलीकडे घळ होती. घळीच्या तोंडाशी माणसांच्या आकाराचे बावीस दगड ओळीने उभे होते. आत शिलाक्ष बसला होता. दोनशे वर्षे बसून त्याच्या मांडीवर शेवाळ आले होते.

"मांत्रिका, हा शाप तुझा?"

"सोने दोन घराण्यांचे. शाप माझा. एकमेकांना हरवू, पण तिसऱ्याला येऊ द्यायचे नाही, असे त्या घराण्यांचे पहिले राजे, दोघे सख्खे भाऊ, हातात हात घालून मला सांगायला आले होते."

"तो कसा सुटतो ते सांग."

"तीन खडे आण. तांब्याच्या पारड्यात पडायचे होते आणि पडले नाहीत, असे. एक गरुडाच्या किल्ल्यातून, एक मगरीच्या कोटातून, एक तुझ्या स्वतःच्या घरातून. देणाऱ्याने तोंडाने तसे सांगून द्यायचा."

"तसे सांगितले तर जीभ झडते."

"तो तुमचा प्रश्न. खोटा खडा आणलास तर या ओळीत तेविसावी उभी राहशील."

शेवंता बाहेर पडली. चालताना तिच्या मनात आले, दोन खडे अवघड आहेत, तिसरा तर घरचाच. पण लगेच ती थबकली. आपल्या घरात तसा खडा असेल कशाला? आई तर बाबांच्याच बाजूची होती. मांत्रिकाने मुद्दाम न मिळणारी वस्तू मागितली, असे तिला वाटले.

तिसऱ्या दिवशी ती गरुडाच्या किल्ल्यावर पोचली. त्याचे तट पाडून दगड नेले होते, पण वरचा नगारखाना आणि पहारा अजून गरुडांचाच होता. हातात टाकी आणि हातोडा होता, म्हणून पहारेकऱ्यांनी पाथरवटीण समजून आत सोडले. कोणाला विचारावे? विचारणेच गुन्हा. नगारखान्यात गोंदाजी नगारची एकटा बसला होता. चाळीस वर्षे त्याने गरुडाचा नगारा वाजवला होता. शेवंताला पाहून त्याने मान खाली घातली. तिने ओळखले, हा माणूस आपल्याला ओळखतो.

"काका, मी उदाजीची मुलगी. मला एक खडा हवा आहे. तो कोणता, हे तुम्हाला ठाऊक असेल तर द्या. नसेल तर पहारेकऱ्यांना बोलवा."

बाहेर पहारेकऱ्याच्या भाल्याचा आवाज जवळ येत होता. मग त्याने दोन्ही टिपऱ्या उचलल्या आणि अवेळीच नगारा बडवायला सुरुवात केली. किल्ला दणाणून गेला. त्या दणक्यात तो तिच्या कानाशी तोंड आणून ओरडला, "मला उदाजीच हवा होता! पण म्हटले, मी एकटाच टाकणार, आणि मगर येणार! म्हणून गरुडाला दिला!" एवढे बोलून त्याने डोळे गच्च मिटले आणि जीभ झडायची वाट पाहिली. जीभ जागेवरच होती. त्याने कंबरेच्या पिशवीतून एक तांबूस खडा काढून तिच्या हातावर ठेवला. अवेळी नगारा वाजवल्याबद्दल त्याला दहा फटके पडले. ते शेवंताने उतरणीवरून मोजले आणि रडत रडत ती खाली धावली.

मगरीच्या कोटाला खंदक होता आणि खंदकात मगरी. या मगरी ऐकलेले सगळे मगरराजांना जाऊन सांगत. त्यांना मांस घालायचे काम जिवाई नावाच्या म्हातारीचे होते.

"मावशी, मी..."

जिवाईने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि खंदकाकडे बोट दाखवले. पाण्यावर चाळीस डोळे वर आले होते. मग तिने टोपलीभर मांस एकदम ओतले. मगरी खाऊ लागल्या. चावताना मगरीला ऐकू येत नाही, हे त्या कोटात फक्त जिवाईला माहीत होते.

"टोपली संपेपर्यंत बोल."

"तांब्याच्या पारड्यात पडायचा राहिलेला खडा हवा."

"माझाच घे," म्हातारी एका श्वासात म्हणाली. "माझे दोन्ही मुलगे किल्ल्याच्या चढावर दगडाखाली गेले. मला उदाजी हवा होता. पण इथे दुसरे कोण त्याला देणार? मग गरुड आला असता. म्हणून मी मगरीला दिला. माझ्यासारखी वेडी मीच एक."

"तुम्ही एकट्या नाही, मावशी. त्या तीरावरही..."

"गप्प. टोपली संपली."

काळा खडा मुठीत घेऊन शेवंता निघाली. पाठीमागे एक मगर तोंड बंद करून तिच्याकडे पाहत राहिली. तोलदिनाला सहा दिवस उरले होते.

घरी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. भागू तिचे नाव. सात वर्षे शेजारपाजारच्या बायका तिच्याशी बोलल्या नव्हत्या, आणि तिने एकदाही कोणाबद्दल कुरकूर केली नव्हती. शेवंताने तिला सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाली, "तिसरा खडा आपल्या घरातला मागितला आहे. आपल्या घरात तसा कुठला, आई? मी तर तेव्हा जाणती नव्हते."

भागूचे हात परातीतच थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी ती उठेना.

"आई?"

"मी पडद्याआड गेले," भागू हळू म्हणाली. "तांब्याच्या पारड्यात डोकावले तर तळ दिसत होता. मला वाटले, हे काही जिंकत नाहीत. मगर आली तर यांना आधी मारतील. गरुड आला तर निदान जीव वाचेल. यांच्यासाठीच मी गरुडाला दिला गं. यांच्याच जिवासाठी."

"सात वर्षे मला सांगितले नाहीस."

"सांगायची रीत कुठे आहे?"

शेवंताला आईचा संताप आला. इतका, की ती उठून अंगणात गेली आणि जात्याच्या दगडावर बसून राहिली. मग तिला गोंदाजी आठवला, जिवाई आठवली. तिघांनी तीच गोष्ट सांगितली होती आणि तिघांनाही वाटत होते की असे आपणच एकटे. ती आत आली. भागूने उंबऱ्याजवळचा पांढरा खडा उचलून, मोठ्याने सगळे पुन्हा सांगून, तिच्या हातावर ठेवला.

ती पुन्हा घळीत गेली. शिलाक्षाने तिन्ही खडे कानाला लावून ऐकले.

"खरे आहेत. मग ऐक. त्या सोन्यात मी जोर घातलेला नाही. चिमूटभर भीती घातली होती. तीही शंभर वर्षांतच विरली. बाकीची तुम्हीच भरत आलात. ज्याने आपला खडा कोणाला ते सर्वांदेखत सांगितले, त्याचा खडा उडत नाही. बोललेला खडा जड होतो. बस, एवढेच."

"एवढेच?"

"दोनशे वर्षांत कोणाला जमले? बाहेर बावीस उभे आहेत, त्यांना विचार."

तोलदिन उजाडला. दगड उदाजीच्या नाकावर चढला होता. शेवंता चौकात गेली आणि तिने उदाजी पाथरवटाच्या नावाने तांब्याचे पारडे मागितले. मागितल्याबरोबर तिचीही पावले दगडाची झाली. तिला पायऱ्या चढता येईनात. ती बापाशेजारीच रुतून उभी राहिली, आणि बापाच्या नावाने मागितल्यामुळे बापाची उरलेली मुदतच तिला लागली, सात वर्षे नव्हे, सूर्य मावळेपर्यंतच. दुपारपर्यंत दगड तिच्या कंबरेशी आला.

लोक येत होते, पडद्याआड जात होते, मान खाली घालून परतत होते. तिच्याकडे कोणी पाहीना. ती प्रत्येकाला ओरडून सांगत होती, "तोंडाने सांगा! बोललेला खडा उडत नाही!" लोक कानांवर हात ठेवून पळत होते. गरुडराजे उजव्या सज्जात, मगरराजे डाव्या सज्जात बसले होते. त्यांना तिची गंमत वाटत होती.

सूर्य कलला. दगड तिच्या छातीशी आला आणि उदाजीच्या डोळ्यांखाली पोचला. पडद्याआड तांब्याच्या पारड्यात जे थोडे खडे होते ते थरथरू लागले. त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

तेव्हा भागू पायऱ्या चढली. वरच्या पायरीवर ती लोकांकडे तोंड करून उभी राहिली आणि खडा उंच धरून ओरडली, "मी उदाजीची बायको! मागच्या खेपेला मी माझ्या नवऱ्याला खडा दिला नाही! भ्याले! आज देते!"

सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. जीभ झडली नाही.

"धरा तिला!" गरुडराजे गरजले.

"धरा तिला!" मगरराजे गरजले.

दोन्ही घराणी एका सुरात बोलली ती दोनशे वर्षांत पहिल्यांदा, आणि ते लोकांच्या लक्षात आल्याशिवाय राहिले नाही. पहारेकरी जागचे हलले नाहीत. हातात खडा असलेल्या माणसाला पायरीवर शिवायचे नाही, असा तराजूचाच नियम होता.

मग गर्दीतून गोंदाजी पुढे आला. पाठीवर वळ होते. "मलाही उदाजीच हवा होता. आज देतो!" त्याच्यामागून जिवाई काठी टेकीत आली. "मीही!" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोन तीरांची दोन म्हातारी माणसे, आणि दोघांच्या तोंडावर एकच आश्चर्य. त्यांच्यामागे एक कुंभार आला, मग एक न्हावी. न्हाव्याचा शेजारी ओरडला, "अरे, तूसुद्धा? मग मी काय पाप केले होते!" त्याने पडद्याआड जाऊन गरुडाच्या पारड्यातला आपला खडा उचलला. यानंतर कोणाला धरबंद राहिला नाही. पायऱ्यांवर रेटारेटी झाली. माणसे आपापला खडा परत उचलून, मोठ्याने ओरडून, तांब्यात टाकू लागली. आधी गुपचूप तांब्यात टाकलेल्यांनीही आता तोंडाने सांगितले. काहींनी तितक्याच मोठ्याने सांगितले की आमचा गरुडालाच, आमचा मगरीलाच, आणि त्यांचेही कोणी वाईट मानले नाही.

सूर्याची कड उरली. दगड शेवंताच्या गळ्याशी होता. उदाजीच्या डोळ्यांच्या दोन फटी उरल्या होत्या. खडे थरथरले, थरथरले, आणि थांबले. एकही उडाला नाही. पडदा गळून पडला. तांब्याचे पारडे जमिनीला टेकले होते.

शेवंताचा दगड धुळीसारखा झडला. उदाजीचे गाल, ओठ, छाती, हात मोकळे झाले. पण गुडघ्यांपाशी येऊन दगड थांबला. लोकांनी त्याला उचलायला हात लावले, तो हलेना. भागू त्याचे पाय चोळीत बसली. शेवंता घाबरली. सगळे तर झाले होते, मग हे का?

रीतीप्रमाणे लोक आपापले खडे वेचू लागले. तिन्ही पारडी रिकामी होत आली. गरुडाच्या पारड्यात, सोन्याच्या कडेच्या खोबणीत, एकच खडा राहिला. त्याच्यावर सात वर्षांची धूळ होती. कोणी म्हणे माझा नाही, कोणी म्हणे माझा नाही. शेवंताने तो उचलला. धुळीखाली टाकीची बारीक खूण लागली, पाथरवट आपल्या कामावर करतो तशी. ती खूण ती जन्मापासून ओळखत होती.

तिने झटकन मूठ मिटली. तिच्या मनात एकच आले, हे कोणाला कळता कामा नये.

"शेवंता," उदाजी म्हणाला. सात वर्षांनी फुटलेला त्याचा आवाज खरखरीत होता. "मूठ उघड."

"बाबा, राहू द्या."

"उघड." मग तो सगळ्या चौकाला ऐकू जाईल असे बोलला, "तो खडा माझा आहे. मी पडद्याआड गेलो आणि भ्यालो. मला वाटले, मला कोण देणार? आपला एक तरी खडा कामी यावा. म्हणून मी मलाच दिला नाही."

भागू त्याच्या पायांपाशी बसली होती, तिने वर पाहिले. "तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली, आणि तिला हसू फुटले, मग रडू, मग पुन्हा हसू. तिने त्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली. दगडाचे दोन तुकडे झाले आणि आतले पाय मोकळे झाले.

उदाजीने सात वर्षे राज्य केले. किल्ल्याचे आणि कोटाचे दगड नदीत उतरले आणि त्यांचे तीन पूल झाले. गरुडराजे, मगरराजेही त्यावरूनच ये-जा करू लागले, आणि वेठ संपली. पुढच्या तोलदिनी चौकात पाच पारडी टांगली गेली. लोकांनी ओट्यावर दिवसभर भांडून, समजावून, ओरडून खडे टाकले. उदाजी त्यात हरला, आणि भागूचा हात धरून आपल्या पायांनी चालत घरी गेला.